पहिली तीन वर्षं हातची गेली का?

रावेर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८. घरी केळीची शेती. पती, सासरे, १६ वर्षांचा मुलगा आणि साडेचार वर्षांची मुलगी. मुलगा दहा महिन्यांचा होता तेव्हा ताईंना धुळ्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला. होस्टेलवर राहायचं होतं, म्हणून मुलाला अमळनेरला त्यांच्या आईकडे ठेवलं. महिन्यातून एक-दोनदा भेट व्हायची. पावणेतीन वर्षांचा झाल्यावर एका रविवारी त्याला घरी आणलं. ‘तीन दिवस रडला, मग गप्प झाला, रुळला,’ असं त्या लिहितात. डी.एड. होऊनही नोकरी लागली नाही. आता त्या घरी राहून बी.ए. करताहेत, विषय मानसशास्त्र. पुस्तकात मानवी विकासाच्या टप्प्यांचा तक्ता आला आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. आईशी ‘हो-नाही’पुरतं बोलतो, रात्री एक वाजेपर्यंत जागतो, अमळनेरच्या आजीशी मात्र रोज फोनवर अहिराणीत अर्धा-अर्धा तास गप्पा मारतो. ‘मला नीट द्यायची नाही, अ‍ॅग्री करायचंय,’ असं एकदाच म्हणाला; म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा नको, शेतीचं शिक्षण हवं. वडिलांचा विचार त्याला लातूरला नीटच्या क्लासला ठेवण्याचा आहे. आजीचे फोन कमी केले तर तो आपल्याकडे वळेल, असं ताईंना वाटतं. तिसरा पर्याय म्हणून समुपदेशकाकडे न्यावं का, असंही विचारलं आहे. शिवाय मुलगी धडधडीत खोटं बोलू लागली आहे, ७६ वर्षांचे सासरे, भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले, तेच तेच किस्से सांगतात आणि ताईंच्या स्वतःच्या वाचलेलं लक्षात राहत नाही. ‘तक्त्यातली पहिली पायरीच माझ्यामुळे चुकली. पाया कच्चा राहिला. आता काही करता येईल का, की वेळ गेली?’

ताई,

पत्रासोबत तुम्ही तो तक्ताही उतरवून पाठवला आहे. एरिक्सनचे आठ टप्पे, प्रत्येकासमोर वय आणि त्यासमोर घरातल्या माणसांची नावं, लाल पेनाच्या फुल्यांसह. मुलासमोर दोन फुल्या, मुलीसमोर एक, आबांसमोर म्हणजे तुमच्या सासऱ्यांसमोर एक, तुमच्या नावासमोर प्रश्नचिन्ह. परीक्षेच्या दृष्टीने तक्ता बिनचूक आहे. गडबड नावं लिहिली तिथे झाली.

हा तक्ता आला कुठून ते आधी पाहू. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने हे टप्पे १९५० मध्ये मांडले. उपचारासाठी आलेली मुलं, वेगवेगळ्या समाजांतलं मुलांचं संगोपन आणि माणसांची चरित्रं यांच्या निरीक्षणातून त्याने ते उभे केले. हजारो मुलांची चाचणी घेऊन काढलेली ती सरासरी नव्हे. प्रत्येक टप्प्याच्या नावात असलेल्या ‘विरुद्ध’ या शब्दाने विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो. ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’ वाचलं की वाटतं, पास किंवा नापास. एरिक्सनला दोन्हींचा तोल म्हणायचा होता. थोडा अविश्वास माणसाला लागतोच. अनोळखी माणसाने हात पुढे केला की त्याच्या कडेवर जाणारं मूल काही आदर्श नाही. शिवाय कुठलाच प्रश्न एका वयात कायमचा मिटत नाही असं त्याचं म्हणणं होतं. विश्वासाचा प्रश्न सोळाव्या वर्षी मित्र निवडताना, पंचविशीत लग्न करताना आणि सत्तरीत दुसऱ्याच्या हातचं पाणी घेताना पुन्हा येतो. पायरी-पाया ही भाषा पाठ्यपुस्तकाच्या सोयीची आहे. घराचा पाया एकदा भरला की पुन्हा उकरता येत नाही, म्हणून तुम्ही घाबरलात.

आणि वयाचे आकडे! तुमच्याच तक्त्यात पाचवा टप्पा १२ ते १८ आहे. दुसरं पुस्तक उघडलंत तर २० पर्यंत सापडेल. मनाचं सोडा, चालण्यासारख्या उघड दिसणाऱ्या गोष्टीचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला. आधाराशिवाय चालू लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. म्हणजे ठणठणीत बाळांमध्येच नऊ-साडेनऊ महिन्यांचा फरक. तुमच्या मृगबागेत एकाच आठवड्यात लावलेली केळी तरी एकाच दिवशी निसवते, घड टाकते का?

आता अमळनेरकडे येऊ. पत्राचा खरा भार तिथेच आहे.

तुम्ही धरून चालला आहात की पहिल्या तीन वर्षांत आई नव्हती म्हणजे विश्वास बसला नाही. ‘अनुबंध’ म्हणजे बाळाचं जवळच्या माणसाशी जुळणारं घट्ट नातं; त्या प्रकरणात जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाचं नाव वाचलं असेल. १९५१ मध्ये त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला तो महायुद्धानंतरच्या बेघर, अनाथालयांतल्या मुलांविषयी होता. त्यातली ‘आई’ पुढच्या पुस्तकांत जन्मदात्री आईपुरती आकसली. मेरी एन्सवर्थने आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासच्या बाळांचं निरीक्षण केलं आणि अनुबंधाचे सुरक्षित-असुरक्षित असे प्रकार पाडले. हे वाचताना एक बारकावा निसटतो: तो प्रकार बाळाचा नसतो, बाळाच्या एका विशिष्ट माणसाशी असलेल्या नात्याचा असतो. तेच बाळ आजीपाशी निर्धास्त आणि वडिलांपाशी बुजरं असू शकतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा मागोवा घेतला. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांचे एकाहून अधिक माणसांशी घट्ट बंध जुळलेले होते. आपल्याकडच्या वाड्यात, गल्लीत वाढलेल्या कुणाला हे वाचून नवल वाटणार नाही.

तेव्हा तुमच्या मुलाला कुणावर विसंबायचं हे शिकायला मिळालं का? मिळालं, आजीपाशी. पुरावा तुमच्याच पत्रात आहे. सोळा वर्षांचा मुलगा रोज आपणहून म्हातारीला फोन करून ‘काय करी ऱ्हायनी?’ विचारतो, अर्धा तास बोलतो. ज्याचा माणसांवरचा भरवसाच उडाला आहे, त्याचं हे वागणं नव्हे. तुम्ही त्याच फोनला तुमच्या विरुद्धचा पुरावा मानलंत.

‘पहिली वर्षं गेली की गेली’ या समजुतीमागे एक खरा अभ्यास आहे, तोही बघा. १९८९ नंतर रोमानियाच्या अनाथालयांतून जी मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली, त्यांचा मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी दीर्घ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांत अडचणी टिकून राहिल्या. पण तिथे काय होतं? पाळण्यांच्या रांगा, हाताशी मोजकी माणसं, तीही बदलणारी, रडलं तरी कुणी न येणं, पुरेसं अन्न नाही. अमळनेरच्या घरात आजीच्या कुशीत झोपणारं, तिच्या हातची कण्या-कढी खाणारं मूल त्या रांगेत बसत नाही. तुलना करायचीच तर हवाई बेटांतल्या कवाईच्या अभ्यासाशी करा. १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांकडे एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात सारखं आढळलं ते हे की जीव लावणारं निदान एक माणूस त्यांच्या आयुष्यात टिकून होतं. अनेकदा ती आजी असायची.

मग सगळं आलबेल होतं का? तसंही म्हणता येत नाही. तुम्ही ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देता ती एक, आणि लक्ष द्यायला हवं ती वेगळी. दहा महिन्यांच्या वयात ताटातूट जड जाते. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत परक्याची भीती आणि वियोगाचा त्रास जोरात असतो. तरी तिथे आजीने झेललं. दुसरी ताटातूट पावणेतीन वर्षांची, त्या रविवारची. तुमच्या हिशोबात तो दिवस ‘आई परत मिळाली’ असा आहे. मुलाच्या हिशोबात त्या दिवशी आजी गेली, आजीची बोली गेली, गल्ली गेली. पत्रात या बाजूचा एकही शब्द नाही. ‘तीन दिवस रडला, मग गप्प झाला, रुळला.’ १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या इस्पितळांत लहान मुलांना आईबापांपासून दूर ठेवत, तेव्हा जेम्स रॉबर्टसनने त्या मुलांकडे बारकाईने पाहिलं. आधी आकांत, मग खिन्न गप्पपणा, मग अलिप्तपणा असा क्रम त्याला दिसला. नर्सना वाटे, तिसऱ्या दिवशी मूल रुळलं. मूल थकून आशा सोडत असे.

हे सांगितलं ते आणखी एक फुली मारायला नाही. अमळनेरचं येणं-जाणं तुम्ही चालू ठेवलंत, आजी हरवली नाही. तोच धागा त्याने आजवर धरून ठेवला आहे. म्हणून तुमचा ‘फोन कमी करू’ हा विचार सोडून द्या. लहानपणी जे एकदा न सांगता झालं तेच दुसऱ्यांदा होईल, आणि या वेळी त्याला कळेल कुणी केलं ते. फोन झाल्यावर ‘काय म्हणत होती आजी?’ हेही विचारू नका. तो त्याचा कोपरा आहे.

करण्यासारखं काय, तर त्याला त्याची गोष्ट सांगा. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यामुळे अमळनेरची दोन वर्षं त्याला प्रसंग म्हणून आठवणार नाहीत. उरलं असेल ते नुसतं काहीतरी तुटल्याचं वाटणं, ज्याला नाव नाही. नाव तुम्ही देऊ शकता. समोरासमोर बसवून नको. गाडीवर सावद्याला जाताना, शेंगा फोडताना, हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना सांगा. पाच मिनिटं पुरे. साधारण असं: ‘तू दहा महिन्यांचा होतास. मला डी.एड. करायचं होतं, होस्टेलमध्ये बाळ चालत नव्हतं, म्हणून तुला आजीकडे ठेवलं. परत आणलं तेव्हा तुला आजी सोडावी लागली. ते तुला समजेल असं आम्ही सांगितलं नाही. तीन दिवस तू रडलास. काही विचारावंसं वाटलं तर कधीही विचार.’ इथे थांबायचं. तो ‘हं’ म्हणेल आणि मोबाइल काढेल. तो ‘हं’ चालेल.

हा प्रसंग बिघडतो तो ठरावीक तीन प्रकारे. एक, आई रडायला लागते आणि मुलालाच तिची समजूत काढावी लागते. दोन, ‘तुझा माझ्यावर राग आहे का?’ असं विचारलं जातं; सोळा वर्षांचा मुलगा ‘नाही’ म्हणून सुटका करून घेतो आणि विषय कायमचा बंद होतो. तीन, लगेच बचाव सुरू होतो: तुझ्याचसाठी शिकत होते, परिस्थिती तशी होती. कारण एका वाक्यात सांगून झालं असेल तर पुन्हा सांगू नका. अमळनेरचे जुने फोटो असतील तर काढून दिवाणावर पडू द्या. मे महिन्यात आठ दिवस त्याला एकट्याला आजीकडे जायचं असेल तर जाऊ द्या. दोन-तीन महिने काहीच बदल दिसला नाही तरी हे वाया गेलं असं समजू नका.

तुमच्यासारखी आणखी बरीच घरं आहेत. कामासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या आईबापांची लेकरं धुळे-नंदुरबार-जळगावात आजी-आजोबांकडे वाढताहेत. ज्यांना आता मूल परत आणायचं आहे, त्यांनी ते एका रविवारी उरकू नये. आधी तीन-चार आठवडे ये-जा वाढवावी. आणताना आजीने सोबत यावं आणि दहा-पंधरा दिवस राहावं. पहिले काही दिवस आंघोळ-जेवण आजीने, मग आजी बाजूला बसून आईने. आजीने मूल झोपलेलं असताना गुपचूप निघून जाऊ नये. सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. त्यानंतर मूल झोपायलाच घाबरतं. सांगून, टाटा करून जावं, रडलं तरी. तिकडची गोधडी धुऊ नये, वासासकट आणावी. बोली बदलू नये. अहिराणी बोलत असेल तर महिनाभर तुम्हीही अहिराणीच बोला. रोज ठरलेल्या वेळी आजीला फोन. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, पदर न सोडणं, रात्री दचकणं असं चार-सहा आठवडे चालू शकतं. त्यावर ओरडलं की लांबतं. आणि मूल तिसऱ्या दिवशी एकदम शहाणं, गप्प झालं तर सुटलो असं म्हणू नका, त्याला जास्त जवळ घ्या.

मुलाच्या आजच्या वागण्याकडे येऊ. ते सगळं अमळनेरच्या खात्यावर मांडू नका. त्यातलं बरंच सोळा या आकड्याचं आहे. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं, मेंदूत झोपेचा इशारा देणारं मेलॅटोनिन लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागतं. रात्री साडेदहाला ‘झोप’ म्हटलं तरी डोळा लागत नाही आणि गरज असते ८ ते १० तासांची. सकाळी साडेसहाचा क्लास असेल तर हिशोब जमणारच नाही. जागरणात मोबाइल भर घालतो हे खरंच, म्हणून घरातल्या सगळ्यांचे फोन, तुमचा आणि त्याच्या वडिलांचाही, रात्री साडेदहाला ओसरीवरच्या चार्जिंगला लावा. फक्त त्याचाच काढून घेतलात तर भांडण होईल, झोप येणार नाही. सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात बाहेर. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि चारच्या आधी. रविवारी नेहमीपेक्षा तास-दीड तासच जास्त. दुपारी बारापर्यंत झोपला की रविवारची रात्र पुन्हा बिघडली.

नीट-अ‍ॅग्रीचा प्रश्न तुमच्या पाचव्या टप्प्यातला, ‘ओळख विरुद्ध भूमिका-गोंधळ’. इथे जेम्स मार्शियाने १९६६ मध्ये केलेली भर तुमच्या पुस्तकात असेल. माणसाने पर्याय धुंडाळले का आणि कशाशी बांधिलकी केली का, या दोन प्रश्नांवरून त्याने चार अवस्था सांगितल्या. न धुंडाळता, दुसऱ्याने ठरवलेली वाट घट्ट धरणं ही त्यातली एक. असा मुलगा घरात फार गुणी दिसतो. पंचविशीत, तिशीत तीच वाट त्याच्या अंगावर येऊ शकते. तुमचा मुलगा मात्र धुंडाळण्याच्या अवस्थेत आहे. त्याने ‘नको’सोबत काय हवं तेही सांगितलं. त्यासमोर तुम्ही फुली मारलीत, तिथे खरं तर बरोबरची खूण हवी.

लातूरबद्दल. क्लास चांगले-वाईट हा वेगळा विषय. या मुलाला आयुष्यात दोनदा न विचारता हलवलं गेलं आहे. तिसऱ्यांदा तसं करू नका, एवढं मी ठामपणे म्हणेन. त्याला स्वतःला जायचं असेल तर आधी सगळे मिळून जाऊन या, राहायची जागा बघा आणि ‘दिवाळीपर्यंत बघू, नको वाटलं तर परत’ हे त्याच्यासमोर ठरवा. जायचं नसेल तर इथेही काही बंद होत नाही. बायोलॉजी ठेवून राज्याची सीईटी दिली तर बी.एस्सी. अ‍ॅग्रीचा मार्ग खुला राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय धुळ्याला आहे, केळी संशोधन केंद्र जळगावात आहे. वडिलांनी त्याला एखाद्या दिवशी त्या केंद्रावर घेऊन जावं. बापलेकांचं केळीवर बोलणं नीटपेक्षा सोपं जाईल. दोन तासांच्या त्या फेरीत त्याची आवड टिकाऊ आहे की परीक्षेतून पळ काढायची वाट आहे, याचाही अंदाज येईल. दोन्ही शक्य आहे.

समुपदेशक ‘बंध जोडायला’ म्हणून नको. मुलाला ते ‘आपल्यात काहीतरी बिघाड आहे’ असं ऐकू येतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ त्याचं जेवण तुटलं, मित्र सुटले, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, मार्क एकदम घसरले, किंवा जगण्याचा कंटाळा, मरणाची भाषा एकदाही तोंडी आली, तर थांबू नका. आजीशी सुद्धा बोलेनासा झाला तर ती मोठी खूण समजा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीत मिळते. तुम्ही स्वतःही तिथे बोलू शकता.

मुलीचं थोडक्यात. साडेचार वर्षांची मुलगी खोटं बोलते म्हणजे तिला एक नवी गोष्ट कळली आहे: माझ्या मनात आहे ते आईच्या मनात नसतं. विमर आणि पर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना चॉकलेटची जागा बदलल्याची गोष्ट सांगून हेच तपासलं होतं. तीन वर्षांच्या मुलांना जमत नाही, चार-पाचच्या मुलांना जमू लागतं. सांडलेलं दूध दिसत असताना ‘तू सांडलंस का?’ विचारू नका, तो सापळा आहे. ‘दूध सांडलंय, फडकं आण,’ एवढं पुरे. आणि तेवढंच पाणी उंच पेल्यात ओतलं की तिला जास्त वाटतं म्हणून तुम्ही घाबरलात, पण पाणी तेवढंच राहतं ही समज बहुतेकांना सहा-सातनंतरच येते. मुलांच्या विचारांची वाढ अभ्यासणाऱ्या पियाजेचा, तुमच्याच पुस्तकातला धडा आहे हा! तिच्यासमोरची फुली पुसून टाका.

आबांच्या नावासमोर शेवटच्या टप्प्यातली ‘निराशा’ लिहिलंत, कारण ते जुनंच बोलतात. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने लिहिलं की उतारवयात आयुष्य पुन्हा पुन्हा उलगडून पाहणं हे बुद्धी ढळल्याचं लक्षण नसून त्या वयाचं स्वाभाविक काम आहे. एकच किस्सा परत येतो तेव्हा बहुधा त्यात काहीतरी सुटायचं राहिलेलं असतं. ‘आबा, हे सांगितलंय तुम्ही’ म्हणण्याऐवजी बाजूचा प्रश्न टाका: त्या रात्री ड्युटीवर आणखी कोण होतं? साहेब मग काय म्हणाला? गोष्ट बहुतेक पुढे सरकते.

पण एक फरक नीट ओळखा. तोच किस्सा आठवड्यातून चारदा सांगणं वेगळं, आणि ‘जेवण झालं का माझं?’ हे दहा मिनिटांत तीनदा विचारणं वेगळं. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं चालतं. किल्लीचं काय करायचं हे न कळणं चालत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पेन्शनचा हिशोब पूर्वी जमायचा तो न जमणं, गोळी दोनदा घेणं यांपैकी काही दिसलं तर तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बी-१२, थायरॉईड, साखर आणि कान आधी तपासून घ्या. घरात शाकाहार असेल तर बी-१२ आवर्जून. यांतल्या बिघाडानेही माणूस विसराळू होतो किंवा तसा वाटतो आणि ते उपचाराने सुधारू शकतं. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळले तर मात्र वही नको, त्याच दिवशी दवाखाना.

राहिलात तुम्ही. ‘३८ व्या वर्षी डोकं चालत नाही’ हे मनातून काढा. सुरुवातीच्या अभ्यासांत वीस आणि साठ वर्षांची वेगवेगळी माणसं एकाच दिवशी तपासत, आणि साठीची माणसं मागे पडत. त्यात वयाइतकाच वाटा कमी शाळा शिकल्याचा होता. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा साठीच्या आधी बहुतेक क्षमतांत ठळक घसरण दिसली नाही. हे दोन पद्धतींतलं अंतर परीक्षेलाही विचारतात, लक्षात ठेवा.

तुमच्या लक्षात राहत नाही याचं कारण तुम्ही लिहिलंच आहे: रात्री भांडी झाल्यावर, डोळे मिटत असताना, धडा दोनदा वाचता. पुन्हा वाचण्याने ओळखीचं वाटतं, आठवत नाही. पंचवीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग उघडून राहिलेलं भरा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने, दर वेळी पुस्तक मिटूनच. दुपारी मुलगी अंगणवाडीत असते तो तास यासाठी ठेवा, भांडी नंतर होतील.

पेपरात एरिक्सनचे टप्पे आले तर पुस्तकात आहेत तसेच, वयासकट, आठही लिहा. त्यावर मर्यादा म्हणून दोन मुद्दे टाका, की वयाच्या सीमा लवचीक आहेत आणि निरीक्षणं मुख्यतः पाश्चात्त्य समाजातली आहेत. ‘परिसरातील उदाहरणे द्या’ असं असेल तर शेजारच्या घरातली द्या.